कोंबडीची पिले आणि वाढत्या कळपाची जागा

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिलाचे वजन साधारणतः ३५ ते ४० ग्रॅम भरते. अशी वीस पिले एका टोपलीत सहज मावतात आणि ती टोपली हाताला जडही लागत नाही. तेच पिलू वीस आठवड्यांचे झाले म्हणजे त्याचे वजन दीड किलोग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे पाच महिन्यांच्या आत ते सुमारे चाळीस पट वाढते. वाढीचा हा वेग ज्याच्या ध्यानात आलेला नसतो, तो टोपली पाहून पिलांची संख्या ठरवतो आणि खुराड्याचा विचार पुढे ढकलतो. पहिले सहा-सात आठवडे सारे सुरळीत चालते. मग जागा अपुरी पडू लागते, जमीन ओली राहू लागते, पक्षी एकमेकांची पिसे उपटू लागतात आणि अखेर रोग शिरतो. धान्य, पैसा व श्रम खर्च होऊनही अंडी देण्याच्या वयाला पोहोचणारे पक्षी थोडेच उरतात.

यावर उपाय आहे, आणि तो मुख्यतः मोजपट्टीचा आहे. पिले आणण्यापूर्वी जागा मोजावी आणि त्या जागेवरून पिलांची संख्या ठरवावी. हा नियम कोणत्या कारणांवर उभा आहे, हे कळण्यासाठी पिलाच्या शरीराचा आणि कळपाच्या स्वभावाचा थोडा परिचय करून घ्यावा लागतो.

हा प्रश्न खेड्यातील ऐसपैस परसापेक्षा जुन्या शहरवस्तीत अधिक अडचणीचा होतो. छत्तीसगढमधील रायपूर शहराची पुरानी बस्ती हे अशा वस्तीचे एक उदाहरण होय. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि बूढा तालाब यांच्या परिसरातील हा भाग शहराच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी कुटुंबेही राहत आली आहेत. अशा जुन्या वस्त्यांत गल्ल्या अरुंद असतात, घराला घर टेकलेले असते, आणि कोंबड्यांसाठी मिळालीच तर मागच्या अंगणाची एखादी पट्टी किंवा छत्तीसगढीत जिला ‘बाडी’ म्हणतात ती परसबाग मिळते. तेथे दुर्गंधी सुटली तर ती थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. हवामानही सौम्य नाही. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, डिसेंबर-जानेवारीत रात्री तो १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, आणि जून ते सप्टेंबर हवा दमट असते. उलटपक्षी या शहराला एक अनुकूलताही लाभली आहे. भोवतालचा सारा मुलूख भातशेतीचा असल्याने भाताचे तूस आणि तांदळाची कणी यांचा तेथे तुटवडा नसतो. यांपैकी एक वस्तू पिलांना फार उपकारक आहे आणि दुसरी एकटीच दिली तर घातक ठरते, हे पुढे दिसून येईल.

पिलाची शिदोरी

कोंबडीचे अंडे उबवण्यास २१ दिवस लागतात. अखेरच्या दोन दिवसांत अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. हीच त्याची पहिली शिदोरी होय. तिच्या आधारावर पिलू दोन ते तीन दिवस अन्नपाण्यावाचून जगू शकते. निसर्गात या योजनेला अर्थ आहे. एका कोंबडीखालील सर्व अंडी एकाच क्षणी फुटत नाहीत. जी पिले आधी बाहेर येतात, त्यांना उरलेली भावंडे बाहेर येईपर्यंत आईच्या पंखाखाली थांबावे लागते. उबवणी केंद्रांतील एक दिवसाची पिले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात, ती याच शिदोरीच्या बळावर. तथापि प्रवास संपताच त्यांना पाणी मिळाले पाहिजे. शिदोरी आहे म्हणून उशीर चालेल असे मानू नये, कारण उशीर झालेली पिले मागे पडतात.

उबेची आवश्यकता

मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. ही उष्णता शरीरात तयार होते आणि पिसांच्या थरामुळे टिकून राहते. पिलाच्या अंगावर पिसे नसतात. असते ती केवळ मऊ लव. शिवाय शरीर लहान असल्याने वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो, आणि पृष्ठभाग जितका मोठा तितकी उष्णता लवकर निसटते. भांड्यातील दुधापेक्षा वाटीतील दूध लवकर निवते, त्याचेही कारण हेच. आपले तापमान आपणच राखण्याची शक्ती पिलाला दोन ते तीन आठवड्यांनी येते. तोपर्यंत ऊब बाहेरून पुरवावी लागते.

खुडूक कोंबडी हे काम उत्तम करते. बस्तरकडील असील जातीच्या कोंबड्या अंड्यांवर चांगल्या बसतात आणि पिलेही नीट सांभाळतात. परंतु हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या वाणांच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिले उबवणी केंद्रातून आणावी लागतात आणि त्यांना कृत्रिम ऊब द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे दोन इंचांवर, ३५ अंश तापमान असावे. पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंश कमी करीत जावे. लहान कळपासाठी पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कडे करून त्याच्या मध्यावर तंतूचा दिवा टांगतात. प्रत्येक पिलामागे सुमारे २ वॅट असा हिशेब धरला जातो. हल्लीचे एलईडी दिवे प्रकाश देतात, पण त्यांच्यापासून उष्णता फारच थोडी मिळते. त्यामुळे ते या कामास उपयोगी पडत नाहीत. कडे गोल करण्याचे कारण असे की, थंडी वाजली किंवा भीती वाटली म्हणजे पिले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि तळाची पिले गुदमरतात. गोल कड्याला कोपराच नसतो.

तापमापक जवळ नसला तरी पिलांच्या वागणुकीवरून तापमान ओळखता येते. ती दिव्याखाली घोळका करून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी आहे. ती कड्याला चिकटून, चोची उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे. सारी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. आणि ती सर्वत्र सारखी पसरून खात, पीत व झोपत असतील तर तापमान योग्य आहे. रायपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात दिवसा दिवा लावण्याची गरज नसते, उलट सावली व वारा यांची गरज असते. जानेवारीत मात्र पहाटेच्या वेळी अधिक ऊब लागते.

दिव्याची तार दोन ठिकाणी बांधावी, म्हणजे एक गाठ सुटली तरी दिवा तुसावर पडून आग लागणार नाही. वीज गेल्यास बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पिलांना आणि माणसांनाही मारक असतो. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या कड्यात ठेवल्या तर काही तास निभावतात.

पाणी, खाद्य आणि कणीचा धोका

पिले आणल्यावर प्रथम कोमट पाणी द्यावे आणि दोन-तीन तासांनी खाद्य. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे घालावेत, म्हणजे पिले त्यात पडून भिजणार नाहीत. भिजलेले पिलू थंडीने मरते.

भाताच्या मुलखात पिलांपुढे तांदळाची कणी टाकण्याची रीत आहे. छत्तीसगढीत तिला ‘कनकी’ म्हणतात. कणी स्वस्त असते, पिले ती आवडीने खातात आणि त्यांचे पोटही भरते. परंतु केवळ कणीवर वाढवलेली पिले खुरटतात आणि त्यांचे पाय लुळे पडू लागतात. या गोष्टीचा विज्ञानाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले आणि काही काळाने तितक्याच अचानकपणे त्या बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता; तो बंद होताच त्या सुधारल्या. पांढऱ्या तांदळात काहीतरी विषारी असावे, असे आइकमन यांना प्रथम वाटले. त्यांचे सहकारी गेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये खरा अर्थ सांगितला: तांदळात विष नसून, सडताना निघून गेलेल्या कोंड्यातील एक आवश्यक द्रव्य आहारात उणे होते. तेच द्रव्य आज थायमिन किंवा ब१ जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाते. या कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कणीत उणीव केवळ जीवनसत्त्वाचीच असते असे नाही. पिलाला पहिल्या आठ आठवड्यांत सुमारे २० टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते, आणि तांदळात प्रथिने साधारणतः ७-८ टक्केच असतात. म्हणून कणी हा आहाराचा एक भाग असू शकतो, पूर्ण आहार मात्र होऊ शकत नाही. तिच्या जोडीला मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, तांदळाचा ताजा कोंडा, मासळीचा कुटा आणि क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण यांची जोड लागते. घरी प्रमाण जुळवणे कठीण वाटल्यास निदान पहिले आठ आठवडे पिलांचे तयार खाद्य वापरावे. बुरशी आलेले धान्य किंवा पेंड मात्र कधीही देऊ नये, कारण बुरशीतील विष पिलांच्या यकृतावर आघात करते.

गादी कोरडी का ठेवावी

खुराड्याच्या जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन ते तीन इंच जाडीचा थर पसरतात. त्यास ‘गादी’ असे म्हणतात. पहिले काही दिवस तिच्यावर गोणपाट किंवा खरबरीत कागद अंथरावा, म्हणजे पिले तूसच खात सुटणार नाहीत. गुळगुळीत कागद मात्र टाळावा. त्यावर पाय घसरतात आणि पिलू कायमचे फेंगडे होते.

गादीचे काम विष्ठेतील ओलावा शोषून घेणे आणि तो हवेत सोडणे हे होय. हे काम तिला किती जमेल हे पक्ष्यांच्या संख्येवर अवलंबून असते. कोंबड्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. गादी ओली राहिली म्हणजे जीवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. हा वायू डोळे चुरचुरवतो व श्वासमार्गाच्या आतील अस्तराला इजा करतो, आणि इजा झालेल्या मार्गाने रोगजंतू सहज शिरतात. उभ्या माणसाच्या नाकाला हा वास उशिरा कळतो. म्हणून रोज सकाळी खुराड्यात खाली बसून, पिलांच्या उंचीवर वास घ्यावा. मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडताच ते मोकळे झाले तर गादी ठीक आहे, गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. अशी गादी उकरून खालीवर करावी आणि ओला भाग काढून टाकावा.

रक्ती हगवण या रोगाचे कारणही याच ओलाव्यात दडलेले असते. कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी पिलाच्या आतड्यात वाढतात आणि त्यांची अंडुके विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती पडताक्षणी रोगकारक नसतात. ओलावा, ऊब आणि हवा मिळाल्यास सुमारे दोन दिवसांत ती पक्व होतात व मग दुसऱ्या पिलाच्या पोटात जाऊन रोग उत्पन्न करतात. थोडी अंडुके पोटात गेली तर पिलाच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते, पुष्कळ गेली तर रक्ताची हगवण लागून ते दगावते. म्हणजे एकच परजीवी विरळ व कोरड्या खुराड्यात सुसह्य ठरतो आणि दाट व ओल्या खुराड्यात प्राणघातक होतो.

जागेचे गणित

येथवर आलेल्या कारणांवरून प्रत्येक पक्ष्याला किती जागा लागते याचे काही आडाखे बसले आहेत. गादीवर वाढणाऱ्या अंड्यांच्या जातींसाठी ते साधारणतः असे धरावेत: चार आठवड्यांपर्यंत प्रत्येकी अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट, बारा आठवड्यांपर्यंत दीड चौरस फूट, अठरा आठवड्यांपर्यंत दोन चौरस फूट, आणि त्यापुढे अडीच चौरस फूट. दिवसा हिंडण्यासाठी जाळीचे अंगण करावयाचे असल्यास प्रत्येक मोठ्या कोंबडीमागे निदान आठ चौरस फूट निराळे धरावेत. असीलसारख्या मोठ्या चणीच्या व भांडखोर जातीस याहून अधिक जागा लागते, आणि तिचे वयात आलेले कोंबडे तर वेगवेगळेच ठेवावे लागतात.

आता असे समजावे की, जुन्या वस्तीतील एका घरामागे १२ फूट लांब व ८ फूट रुंद अशी ९६ चौरस फुटांची पट्टी मोकळी आहे. तीत ६ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे बांधले तर त्याचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट होईल आणि ७२ चौरस फुटांचे अंगण उरेल. खुराड्याला अडीचने भागले तर नऊ कोंबड्या बसतात. अंगणाला आठने भागले तरीही नऊच येतात. तेव्हा या जागेची मर्यादा नऊ कोंबड्यांची आहे, हे प्रथम कागदावर लिहावे.

यानंतर गणित उलट दिशेने करावे. नर-मादी न निवडता विकल्या जाणाऱ्या पिलांत निम्मे नर निघतात. दोन पिले दगावतील असे धरले तर नऊ तलंगा मिळण्यासाठी वीस पिले आणावी लागतात. वीस पिलांना पहिल्या चार आठवड्यांत दहा चौरस फूट जागा लागते. साडेतीन फूट व्यासाचे गोल कडे जवळजवळ तेवढी जागा देते. आठव्या आठवड्यापर्यंत अठरा पक्ष्यांना अठरा चौरस फूट लागतात, आणि २४ चौरस फुटांच्या खुराड्यात ते मोकळेपणाने राहतात. पण नवव्या आठवड्यापासून दीड चौरस फुटांच्या मापाने त्यांना २७ चौरस फूट लागतात, आणि खुराडे तर तेवढेच आहे. या मापाने आता त्यात सोळा पक्षी मावतात, बाराव्या आठवड्यानंतर बारा आणि अठराव्यानंतर नऊ.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, आठवा आठवडा हा निर्णयाचा आठवडा असतो. तोपर्यंत तुऱ्यावरून बहुतेक नर ओळखू येऊ लागतात. दोन नर लगेच, आणखी चार बाराव्या आठवड्यापर्यंत व उरलेले तीन अठराव्या आठवड्यापर्यंत विकले किंवा खाण्यासाठी वापरले पाहिजेत. अंडी मिळण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. तो लागतो केवळ उबवण्याजोग्या अंड्यांसाठी. दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांची झोप मोडते, हेही विसरू नये. कोंबडा ठेवायचाच असेल तर नवांपैकी एक जागा त्याची समजावी. अशा वस्तीत काम सुरू करण्यापूर्वी नगरसंस्थेचे नियमही पाहून घ्यावेत.

खुराड्याची बांधणी

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उकाडा वाढला म्हणजे ती चोच उघडून धापा टाकते, आणि श्वासमार्गातील पाण्याची वाफ होऊन शरीर निवते. हवा दमट असली किंवा वारा कोंडलेला असला तर वाफ नीट होत नाही आणि पक्षी उष्माघाताने मरतो. म्हणून खुराड्याच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस तोंड करून असाव्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत शिरत नाही. या बाजूंची भिंत फूट-दीड फूट उंच असावी आणि वर छपरापर्यंत जाळी लावावी. छप्पर कौलांचे असल्यास उत्तम. पत्र्याचे असल्यास त्यावर उन्हाळ्यात पेंढा पसरावा किंवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. थंडीत जाळीवर गोणपाटाचा पडदा सोडावा, पण तो छपराजवळ वीतभर उघडा ठेवावा. दमट हवा व अमोनिया तेथून बाहेर पडतात आणि पक्ष्यांच्या अंगाला झोत लागत नाही.

पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे रानकोंबडा. तो रात्री झाडावर बसून झोपतो, आणि पाळीव कोंबडीलाही उंचावर बसण्याची ओढ असते. तिच्यासाठी आडव्या दांड्या बसवाव्यात, प्रत्येकीला सहा ते आठ इंच जागा धरावी आणि सर्व दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणे होतात. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचे एक खोके पुरते. ते दांड्यांपेक्षा खाली असावे, अन्यथा कोंबड्या त्यातच झोपून ते घाण करतात.

षट्कोनी छिद्रांची साधी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, उंदीर आणि साप यांना बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांत अर्धा इंच छिद्राची पक्की जाळी लावावी आणि तिची कडा जमिनीत फूटभर पुरावी. अंगणावरही जाळी असावी, कारण पिलांवर घारी व कावळे टपलेले असतात.

कळपातील क्रम

खाद्यावर तुटून पडणाऱ्या कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावे याचा एक ठरलेला क्रम असतो. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० नंतरच्या काळात हा क्रम शास्त्रीय रीतीने वर्णन केला. कोंबड्यांचे निरीक्षण त्यांनी बालपणापासून केले होते. कळपातील प्रत्येक पक्षी इतरांना ओळखतो आणि आपल्यावर कोण व आपल्याखाली कोण हे जाणतो. एकदा क्रम ठरला की भांडणे कमी होतात. तो टिकण्यास मात्र एक अट असते: दुबळ्या पक्ष्याला दूर सरकण्यास जागा हवी. जागा नसेल तर तो पुन्हा पुन्हा टोचला जातो. एकदा रक्त दिसले की सारा कळप तेथेच टोचू लागतो. खाद्यपात्रे अपुरी असली तरी हेच घडते. म्हणून मोठ्या कोंबडीमागे चार इंच लांबीचे खाद्यपात्र धरावे आणि पात्रे दोन ठिकाणी ठेवावीत.

कळप वाढवताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. जुन्या कोंबड्यांत नवी पिले एकदम सोडली तर क्रम मोडतो आणि लहान पिले जखमी होतात. शिवाय जुन्या पक्ष्यांच्या अंगी मुरलेले रोग पिलांना जडतात. म्हणून सुरुवातीपासूनच खुराड्याचे दोन भाग करण्याची सोय ठेवावी. नव्या पक्ष्यांचा भाग प्रथम दूर असावा. ते आकाराने जुन्यांच्या जवळपास आल्यावर दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकांची ओळख होऊ द्यावी, आणि मग जाळी काढावी. त्या दिवशीही एकूण संख्या जागेच्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. वरील उदाहरणात चार नव्या तलंगा हव्या असतील तर चार जुन्या कोंबड्या आधी कमी कराव्या लागतील.

लस आणि स्वच्छता

जागा पुरेशी दिल्याने सर्वच रोग टळतात असे नाही. मानमोडी हा विषाणुजन्य रोग थोड्याच दिवसांत संपूर्ण कळप संपवू शकतो. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो आढळला, आणि भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्यामुळे त्याला राणीखेत हे नाव मिळाले. त्यावर उपचार नाही, लस मात्र आहे. सामान्यतः मरेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात. मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मानमोडीची दुसरी मात्रा चौथ्या आठवड्यात, आणि देवी व मानमोडीच्या पुढील लसी सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान देतात. नेमक्या तारखा स्थानिक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्याव्यात. लसीच्या एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती विरघळवल्यावर काही तासांतच निकामी होते. म्हणून एका गल्लीतील सर्व पालकांनी एकाच दिवशी लस टोचून घेणे सोयीचे व स्वस्त पडते.

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर हा बर्ड फ्लू असल्याचे निश्चित झाले. भारतातील कोंबड्यांत या रोगाची ही पहिलीच नोंद होती, आणि तो आवरण्यासाठी लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्यात मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर परसातील कोंबड्याही गेल्या. लहान पालकाने यावरून घ्यावयाचा धडा साधा आहे. खुराड्यात जाताना वेगळी पादत्राणे वापरावीत, बाजारातून परत आणलेला पक्षी थेट कळपात सोडू नये, आणि एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते उघड्यावर वा तलावात न टाकता, हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

नोंदवही

या साऱ्या कामात शाळेतील विद्यार्थ्यांना करण्यासारखे बरेच आहे. एका वहीत पिले आणल्याची तारीख, दर आठवड्याची संख्या, पाच पिलांचे सरासरी वजन, खाद्याचा खर्च आणि खुराड्यातील सकाळचे तापमान यांची नोंद ठेवावी. वजनाचा आलेख काढला तर पहिल्या आठवड्यांतील चढ पाहून वाढीचा वेग सहज समजतो. त्याच कागदावर प्रत्येक पक्ष्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेची दुसरी रेषा काढावी. खुराडे तेवढेच राहून पक्षी मोठे होत असल्याने, पक्षी कमी केले नाहीत तर ती रेषा आडवीच राहते आणि वजनाची रेषा तिला सोडून वर जाते. आठव्या आठवड्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. ती येण्याच्या आधी दोन नरांचे गिऱ्हाईक ठरलेले असले, म्हणजे उरलेल्या नऊ तलंगांना पुढील पाच महिन्यांत लागणारी जागा त्यांना वेळेवर मिळते.